‘लहान आहे, विसरून जाईल’ : खारघरचा तो व्हिडिओ आणि मुलांच्या मेंदूत राहून जाणाऱ्या गोष्टी

नोव्हेंबर २०१६. टीव्हीवर नोटाबंदीच्या रांगा चालू होत्या. त्याच दिवसांत खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्ही फुटेज व्हॉट्सअॅपवर फिरायला लागलं. सांभाळणारी बाई दहा महिन्यांच्या मुलीला मारतेय, जमिनीवर टाकतेय, लाथ मारतेय. घरी गेल्यावर आईवडिलांना मुलीच्या अंगावरच्या खुणा दिसल्या, ते तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले, मग पोलिसांकडे. फुटेज तपासल्यावर प्रकार बाहेर आला. सांभाळणाऱ्या बाईला अटक झाली, पाळणाघराच्या मालकीणबाईंनाही झाली आणि त्यांना लगेच जामीनही मिळाला. पनवेल महापालिका तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती आणि खारघर तिच्यात नव्यानेच आलं होतं.

तुमच्यापैकी अनेकांनी तो व्हिडिओ पाहिला असेल. पुढेही पाठवला असेल.

अशा बातम्यांखाली दोन कमेंट हमखास असतात. एक, ‘आईने नोकरी कशाला करायची?’ (वडिलांनी कशाला करायची, असं कुणी विचारत नाही. पनवेलहून सीएसएमटीला लोकलने जायलाच सव्वा-दीड तास लागतो. इथल्या घरांचे हप्ते एका पगारात भरत नाहीत. पाळणाघर ही इथली चैन नाही.) दुसरी कमेंट मात्र प्रेमापोटी आलेली असते : ‘बरं झालं लहान आहे, तिला काही आठवणार नाही.’

हा लेख त्या दुसऱ्या कमेंटबद्दल आहे.

आठवत नाही म्हणजे नक्की काय?

दहा महिन्यांच्या बाळाला मोठेपणी तो दिवस आठवणार नाही, हे खरंच आहे. आपल्या कुणालाच पहिल्या दोन-तीन वर्षांतले प्रसंग आठवत नाहीत. ‘अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक घडलं’ अशी आठवण साठवण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं मोठं काम असतं आणि तो भाग त्या वयात पुरता तयार झालेला नसतो.

पण धोका ओळखणारा अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग फार लवकर कामाला लागतो. त्याला तारीख-वार कळत नाही. मोठा आवाज, वर उचललेला हात, एक ठरावीक वास, इतकंच तो लक्षात ठेवतो आणि शरीराला तयारीत राहायला सांगतो. प्रसंग पुसला जातो, शिकलेली भीती मात्र राहू शकते. म्हणूनच मारहाण सोसलेलं दोन वर्षांचं मूल काहीच सांगू शकत नाही, पण कुणी अंगावरची चादर झटकली तरी दचकतं.

शिवाय हा काळ मेंदूच्या बांधकामाचा असतो. पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या पेशींमध्ये दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या तयार होतात. त्यातल्या ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून जातात. बाळ ‘अं’ म्हणतं, आजी ‘काय गं सोनू’ म्हणते, बाळ हसतं. या देवाणघेवाणीतून भाषा, विश्वास आणि स्वतःला शांत करण्याची ताकद यांच्या तारा जोडल्या जातात. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईने काही क्षण चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा, एवढंच. बाळ आधी हसून, मग हात पुढे करून, मग ओरडून तिला परत बोलवायचा प्रयत्न करतं आणि शेवटी मान फिरवतं. प्रयोगात काही मिनिटांत आई परत हसते. काही घरांत मात्र तो चेहरा परत येतच नाही.

ताण वाईटच असतो का?

नाही. लस टोचताना बाळ रडतं, बालवाडीच्या पहिल्या दिवशी भोकाड पसरतं, तेव्हाही शरीरात कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं वाढतात. कुणीतरी कडेवर घेतं, पाठीवरून हात फिरवतं आणि पातळी खाली येते. मूल त्यातून शिकतं की घाबरणं संपतं.

अडचण होते ती ताण रोजचा असेल आणि कडेवर घेणारं कुणी नसेल तेव्हा. किंवा कडेवर घेणारा माणूसच मारणारा असेल तेव्हा, आणि ही स्थिती सर्वांत कठीण. घाबरल्यावर ज्याच्याकडे धावायचं त्याच्यापासूनच पळायचं असतं. मुलाचा मेंदू सतत पहाऱ्यावर राहतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सेथ पोलॅक यांनी मारहाण सोसलेल्या मुलांना हळूहळू बदलत जाणारे चेहरे दाखवले. राग अजून अर्धवटच उमटलेला असताना ही मुलं तो ओळखत होती, इतर मुलांच्या आधी. मार चुकवायचा असेल तर ही कला उपयोगाची आहे. वर्गात मात्र तीच नडते. बाईंच्या प्रत्येक भुवईकडे लक्ष असलेल्या मुलाला फळ्यावरचा भागाकार दिसत नाही. मग शेरा पडतो : ‘अभ्यासात लक्ष नाही.’

मार दिसतो, दुर्लक्ष दिसत नाही

व्हिडिओ व्हायरल होतो तो मारहाणीचा. दुर्लक्षाचा व्हिडिओ होऊच शकत नाही, कारण त्यात काहीच घडत नसतं. मूल रडतंय आणि कुणी येत नाही. याचं फुटेज कोण बघणार?

संशोधक हल्ली या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. धोक्याचा परिणाम प्रामुख्याने भीती आणि राग सांभाळणाऱ्या यंत्रणेवर होतो. वंचिततेचा, म्हणजे बोलणं, स्पर्श, खेळ, लक्ष न मिळण्याचा, परिणाम भाषा, एकाग्रता आणि विचार करण्याच्या क्षमतेवर जास्त दिसतो. अर्थात अनेक घरांत दोन्ही एकत्रच नांदतात.

आणि दुर्लक्ष शरीरावरही उतरतं. त्याची मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट १९४८ सालच्या जर्मनीतली आहे.

दुसरं महायुद्ध संपलेलं, जर्मनीत रेशनिंग चालू. एल्सी विडोसन या ब्रिटिश आहारतज्ज्ञ वुपरटालमधल्या दोन अनाथालयांतल्या मुलांची वजनं दर पंधरवड्याला घेत होत्या. दोन्हीकडे साधारण पन्नासेक मुलं, शिधा सारखाच. बेत असा होता की सहा महिन्यांनी एका अनाथालयाला जादा पाव, जॅम आणि संत्र्याचा रस द्यायचा आणि फरक मोजायचा.

फरक आला, पण उलटा. पहिल्या सहा महिन्यांत एका ठिकाणची मुलं दुसरीकडच्या मुलांपेक्षा बरीच जास्त वाढली, शिधा तोच असताना. पुढच्या सहा महिन्यांत ज्यांना जादा खाऊ मिळाला त्यांचीच वाढ मंदावली आणि ज्यांना काही जादा मिळालं नाही ती पुढे गेली. विडोसन यांना शेवटी उलगडा झाला तो दोन बायकांमुळे. एका अनाथालयाची प्रमुख मुलांवर जीव लावणारी होती, दुसरीची प्रमुख कडक शिस्तीची. ही दुसरी बाई मुद्दाम जेवणाच्या वेळी मुलांना सगळ्यांसमोर फैलावर घ्यायची. बोलणी संपेपर्यंत ताटातलं गार झालेलं असायचं आणि एक तरी पोर रडत असायचं. नेमकी जादा खाऊ सुरू व्हायच्या सुमाराला तिची बदली त्या दुसऱ्या अनाथालयात झाली होती.

तिची आठ लाडकी मुलं होती. त्यांना ती बरोबर घेऊन गेली होती. ती मात्र छान वाढली.

विडोसन यांनी हे १९५१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. पुढे डॉक्टरांना अशी मुलं इतरत्रही सापडली, जेवण आहे पण उंची वाढत नाही. सततच्या भावनिक उपासमारीत वाढीचं संप्रेरक कमी पडतं आणि घर बदललं की हीच मुलं भराभर उंच होतात. ‘खायला-प्यायला काही कमी नाही’ हे आपल्याकडे पालक, संस्थाचालक आणि नातेवाईक सगळेच अभिमानाने सांगतात. ते पुरेसं नसतं, इतकंच.

कळंबोली

पनवेलच्या संदर्भात हा विषय निघाला की कळंबोलीबद्दल लिहावंच लागतं. शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या गतिमंद मुलांच्या वसतिगृहातल्या मृत्यूंच्या बातम्यांनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. राज्यातल्या अशा वसतिगृहांची पाहणी करायला टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच ओघात २०११ मध्ये कळंबोलीतल्या एका खासगी संस्थेतला प्रकार उघड झाला. तिथे राहणाऱ्या बौद्धिक अक्षम आणि मूकबधिर मुलींवर लैंगिक अत्याचार होत होते, तेही संस्था चालवणाऱ्यांकडूनच. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थापकाला फाशी आणि इतर काही जणांना कैद सुनावली. पुढे उच्च न्यायालयात फाशी रद्द झाली आणि तुरुंगवासाची शिक्षा उरली.

खटल्याच्या तपशिलात मी जाणार नाही. मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. या मुली सांगू शकणार नाहीत, सांगितलं तरी कुणाला समजणार नाही आणि समजलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही, अशी तिहेरी खात्री अत्याचार करणाऱ्यांना होती. जगभरात अपंग मुलांना हा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो तो याच कारणाने. आणि अशा मुलामुलींच्या वागण्यात बदल झाला, म्हणजे त्या चावायला लागल्या, अंथरूण ओलं करायला लागल्या, अंगाला हात लावू देईनात, तर ते ‘आजाराचंच लक्षण’ म्हणून गोळी वाढवली जाऊ शकते.

घराबाहेरच असं होतं, असं मात्र समजू नका. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक अत्याचार सांगितला, तोही बहुतेक वेळा आईवडिलांकडून. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. साधारण निम्म्या प्रकरणांत करणारा माणूस ओळखीचा, विश्वासातला होता. अहवाल जुना आहे, पण इतका मोठा सरकारी अभ्यास देशात तेव्हा पहिल्यांदाच झाला होता, म्हणून आजही तोच उद्धृत होतो.

आणि गरिबी?

इथे एक गल्लत टाळायला हवी. पनवेल, पेण, कर्जत पट्ट्यातली कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात. मुलं बरोबर जातात, शाळा सुटते, धुरळ्यात दिवस जातो. याला दुर्लक्ष म्हणायचं का? मुलाच्या विकासाचं नुकसान होतंच, पण ते आईवडिलांच्या मायेच्या अभावाने नाही. उचल फेडायची असते, म्हणून ते भट्टीवर असतात. तिथे मूल आईपासून तोडून संस्थेत ठेवणं हा उपाय नसतो. पाळणाघर, हंगामी वसतिगृह, वेळेवर मजुरी हा असतो. उलट सगळं असलेल्या, एसी लावलेल्या फ्लॅटमध्येही एखाद्या मुलाशी दिवसभर कुणी बोलत नसेल तर ते दुर्लक्षच. आपल्याकडे पहिलं पटकन दिसतं आणि दुसऱ्याला ‘बिझी लाइफस्टाइल’ म्हणतात.

मोठेपणी काय होतं?

१९९० च्या दशकात व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं : मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसन, आईला होणारी मारहाण वगैरे. अभ्यास पुढे १७ हजारांवर लोकांपर्यंत गेला. असे अनुभव जितके जास्त, तितकं नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्नच नाही तर हृदयविकार आणि फुप्फुसाचे आजारही जास्त, असा चढता आलेख निघाला. काही भाग सवयींतून येतो : ताण सोसायला सिगारेट, दारू, अति खाणं. पण सतत चालू राहिलेली ताणयंत्रणा शरीराला थेटही झिजवते.

या अभ्यासावरून बनवलेल्या ‘तुमचा स्कोअर काढा’ छापाच्या चाचण्या इन्स्टाग्रामवर सतत फिरत असतात. त्या भविष्य म्हणून वाचू नका. हे आकडे हजारो लोकांच्या गटाबद्दल खरे असतात. स्कोअर चार आला म्हणजे तुमचं हृदय बिघडणारच, असं त्यातून निघत नाही.

मग भरून येतं की नाही?

येतं, पण वेळ महत्त्वाची असते. सर्वांत स्पष्ट पुरावा रोमानियाचा आहे. चाउशेस्कूच्या राजवटीत १९६६ पासून गर्भपात आणि संततिनियमनावर कडक बंधनं होती. नको असलेली मुलं सरकारी अनाथालयांत साठत गेली. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशी एक लाखाहून अधिक मुलं निघाली. ओळीने पाळणे, अन्न वेळेवर, पण एकेका दाईकडे इतकी बाळं की कुणी रडलं तरी उचलायला कुणी येत नसे. त्यामुळे त्यातली बरीच बाळं रडणंच सोडून द्यायची.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झिना यांनी बुखारेस्टमध्ये अशी १३६ मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्यांना पालक कुटुंबांत पाठवलं, निम्मी होती तिथेच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, नाती जोडण्याची ताकद सुधारली आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांची सर्वांत जास्त. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या रोमानियन मुलांचा मायकल रटर यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत त्या संस्थांतून बाहेर पडलेली बहुतेक मुलं इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांना अडचणी राहिल्या. तरी त्यांच्यातही काही जण अगदी ठणठणीत निघाले.

ते कसे? हवाईच्या काउआइ बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर यांनी अनेक दशकं लक्ष ठेवलं. गरिबी, भांडणं, आजारी पालक अशा घरांतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, प्रेमळ प्रौढ झाली. त्यांच्या बालपणात जवळपास नेहमी एक तरी भरवशाचं माणूस सापडलं. आई-बापच असं नाही. आजी, मावशी, शेजारीण, एखादे सर.

शंका आली तर

एकच खूण पाहून निष्कर्ष काढू नका. पण शिकलेल्या गोष्टी मूल विसरायला लागलं, ठरावीक माणसाकडे किंवा जागी जायला अचानक नकार देऊ लागलं, कारण पटत नाही अशा जखमा दिसल्या, खेळात वयाला न शोभणाऱ्या लैंगिक गोष्टी आल्या, तर थांबून बघा. अगदी शांत, ‘गुणी’ झालेल्या मुलाकडेही बघा.

मूल काही बोललं तर ऐका. ‘खरंच? की स्वप्न पडलं?’ असं विचारू नका. ‘त्याने असं केलं का, तसं केलं का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्नही नकोत, पुढे कोर्टात त्यांनीच घात होतो. ‘तू सांगितलंस हे चांगलं केलंस, तुझी चूक नाही’ हे पुरे. गुपित ठेवायचं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही.

लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा पोक्सो कायद्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळा किंवा संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. उलट प्रामाणिकपणे कळवलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या दोन मुलींच्या प्रकरणात लोक रेल्वे रुळांवर उतरले त्यामागे अत्याचाराइतकाच तक्रार नोंदवायला झालेल्या उशिराचा राग होता. तेव्हा हे नियम माहीत असलेले बरे.

फोन करायचा तो १०९८ वर. ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. आता ती सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेली आहे. मारहाण आणि दुर्लक्षासाठीही हाच नंबर. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं आणि मुलाने कुठे राहायचं ते समिती ठरवते. संस्था हा शेवटचा पर्याय मानला जातो. मूल नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात राहणार असेल तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, रायगडसाठी अलिबागला.

आणि तो व्हिडिओ

खारघरचं फुटेज लोकांनी चांगल्याच हेतूने पुढे पाठवलं, बहुतेकांनी तरी. पण ती मुलगी आता शाळेत जात असेल. वाचता येत असेल, मोबाइलही हाताळत असेल. मेंदूने न साठवलेला तो दिवस इंटरनेटने साठवून ठेवला आहे.

अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, आईवडिलांची ओळख, यातलं काहीही उघड करायला कायद्याने मनाई आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पोक्सोच्या कलम २३ खाली सहा महिने ते एक वर्ष. हे नियम फक्त वर्तमानपत्रांसाठी नाहीत, सोसायटीच्या ग्रुपलाही लागू आहेत. असा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर तो पोलिसांना किंवा १०९८ ला कळवा, ग्रुपच्या अॅडमिनला काढायला सांगा आणि पुढे पाठवू नका, ‘न्याय मिळेपर्यंत शेअर करा’ असं त्यावर लिहिलेलं असलं तरी.